चोवीस तासांची बाटली

“भर,” धाकटे मालक म्हणाले.

रिकामी बाटली त्यांनी माझ्या पायाशी ठेवली. ठेवली कसली, आपटलीच. काच जाड होती म्हणून फुटली नाही. दवाखान्याच्या ओट्यावर पंधरा-वीस माणसं बसली होती. कुणी नाडी दाखवायला आलेलं, कुणी पट्टी बदलून घ्यायला. एक बाई तापलेलं लेकरू मांडीवर घेऊन बसली होती. सगळी माझ्याकडं बघायला लागली.

“आत्ताच्या आत्ता भर. तुझं मूत आन् त्या बाटलीतलं मूत, दोन्ही जाऊ द्या हैदराबादला. मंग कळंल कुणाचं कुणात मिसळलं ते.”

डॉक्टरसाहेब दारात उभे होते. मी त्यांच्याकडं बघितलं. सात महिने मी त्यांच्या तपासणीच्या खोलीत काम करत होते. मी बाटल्या कशा धुते, लेबलं कशी लावते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. ते म्हणाले, “दे एकदा. तुझ्यावरचाच आळ जाईल.” अगदी मऊ आवाजात म्हणाले.

माझी माय हौदाशी फरशी पुसायचं फडकं पिळत होती. ती याच दवाखान्यात झाडलोट करायची. ती ओल्या हातांनी माझ्यापर्यंत आली आणि माझ्या कानाशी हळूच बोलली, “देऊन टाक, बाई. काय जातंय आपलं.”

मालकाचं बोलणं मला लागलं. डॉक्टरचं त्याहून जास्त लागलं. पण सगळ्यांत जास्त मायचं लागलं. चाळीस वर्षं ती हेच म्हणत जगली होती. काय जातंय आपलं. जे जे मागितलं ते ते तिनं देऊन टाकलं होतं, आणि आता ती मला द्यायला सांगत होती.

झालं होतं ते असं.

निजामाचं राज्य जाऊन सात वर्षं झाली होती. मी एकवीस वर्षांची, सातवी पास. लग्नानंतर दीड वर्षात नवरा पटकीनं गेला आणि मी जालन्याला मायकडं परत आले. घरात माझा जीव लागेना. लहानपणापासून मी तशीच, पायाला भिंगरी बांधल्यासारखी. माय म्हणायची, हिला देवानं बूड द्यायचंच राहून गेलं. शेवटी तिनं डॉक्टरसाहेबांचे पाय धरले. त्यांना लेबलं वाचता येणारं माणूस हवंच होतं. पण ज्याला वाचता येत होतं तो थुंकीच्या आणि लघवीच्या बाटल्या धुवायला तयार नव्हता, आणि जो धुवायला तयार होता त्याला वाचता येत नव्हतं. मला दोन्ही येत होतं. अशी मी त्या खोलीत शिरले.

खोलीचा कारभार तात्या कंपाउंडर बघायचे. मी धुतलेल्या नळीत ते रोग्याचं औषध मोजायचे आणि तेच औषध रोगी पोटात घ्यायचा. ते चालत होतं. पण तात्यांच्या सुरईला माझं बोट लागलं असतं तर सुरई उकिरड्यावर गेली असती. मी हे सगळं बघायचे आणि काही बोलायचे नाही. नोकरीत चार अक्षरांचा उपयोग होतोय, यातच मला मोठेपणा वाटायचा.

आणि काम मला आवडायचं, खोटं कशाला सांगू. लिटमसचा निळा कागद आंबट पाण्यात बुडवला की लाल होतो. पहिल्यांदा तो लाल झालेला बघितला तेव्हा मी तात्यांच्या नकळत आणखी तीन कागद बुडवून बघितले. माझ्या हातानं बुडवला तरी तो लालच होत होता. ते बघून मला हसू आलं होतं.

मंठ्याच्या अलीकडं एका गावात मोठ्या जमिनीचं एक घर होतं. घरात मोठ्या बाई, त्यांचा मुलगा म्हणजे हे धाकटे मालक, आणि सून. लग्नाला आठ वर्षं झालेली, मूल नाही. सुनेची पाळी चार-चार महिने यायची नाही आणि हनुवटीवर राठ केस यायला लागले होते. ती डॉक्टरांपुढं बसली तरी पदर तोंडावरून बाजूला करत नव्हती. डॉक्टरसाहेब हैदराबादेत शिकून आले होते. त्यांनी मालकाला समजावलं की माणसाच्या मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन ग्रंथी असतात. त्यांचा रस रक्तात मिसळतो आणि शेवटी लघवीवाटे बाहेर पडतो. स्टिरॉइड हार्मोन म्हणतात त्याला. तो जास्त पडतोय की कमी, हे कळलं तर दुखण्याचं मूळ सापडेल. एका वेळच्या लघवीवरून ते कळत नाही. चोवीस तासांची सगळी लघवी एका बाटलीत जमवायची, तिचा नमुना हैदराबादच्या मोठ्या प्रयोगशाळेत पाठवायचा. तिथं ती तेजाब, म्हणजे ॲसिड, घालून उकळतात, ईथरमध्ये तिचा अर्क काढतात, मग त्यात एक औषध टाकलं की जांभळा रंग येतो. रंग जितका गडद तितका रस जास्त.

मी दाराआड उभी राहून हे सगळं कान देऊन ऐकलं. मालकानं किती ऐकलं ते ठाऊक नाही. त्यांची दुसरी सोयरीक बघून ठेवलेली होती, असं नंतर तात्यांनी मला सांगितलं. सुनेत दोष आहे असा कागद हातात आला की झालं.

दवाखान्यात राहायला मोठ्या बाईंनी सुनेला परवानगी दिली नाही. कुणाकुणाच्या खाटा, कुणाकुणाचं पाणी. मग बाटलीनंच गावाला जायचं ठरलं. तात्या काही बायकांना लघवी कशी धरायची ते सांगायला जाणार नव्हते. म्हणून मी गेले.

बाटली मी आदल्या दिवशी सोड्यानं धुतली, तीनदा साध्या पाण्यानं खंगाळली, उन्हात वाळवली. लघवी नासू नये म्हणून तळाला थोडं तेजाब लागतं. ते तात्यांनी स्वतः मापून ओतलं आणि रजिस्टरात सही केली. रजिस्टरात ‘नमुना नेणार-आणणार’ असा एक रकाना होता. त्यात तात्यांनी लिहिलं, ‘आया’.

त्या घरी मला पायरीच्या खाली उभं केलं. मोठ्या बाई ओट्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, ठेव तिथं. मी बाटली जमिनीवर ठेवली आणि चार पावलं मागं सरले. मागं सर असं मला कुणी सांगितलं नव्हतं, माझे पायच आपोआप सरले. मग तिथूनच मी सगळं सांगितलं. उद्या सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची. त्यानंतर दिवसभराची, रात्रीची, परवाच्या सकाळच्या पहिल्या लघवीपर्यंतची सगळी या बाटलीत. थेंब बाहेर जाऊ द्यायचा नाही. तळाला औषध आहे, ते सांडायचं नाही, बाटली धुवायची नाही. औषध जहाल आहे, हाताला लावून घ्यायचं नाही, लघवी दुसऱ्या भांड्यात धरून मग हळूच ओतायची. हे मी तीनदा सांगितलं. सून आत दाराच्या फळीमागं उभी राहून ऐकत होती. मला तिची नुसती बोटं दिसत होती.

“कळलं. जा आता,” मोठ्या बाई म्हणाल्या.

दोन रात्री मी त्या गावातल्या आमच्या वस्तीत एका म्हातारीच्या घरी काढल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी गेले तर बाटली त्याच जागेवर जमिनीवर ठेवलेली होती. बाहेरून ओली होती. मी ती जुन्या लुगड्याच्या धडप्यात गुंडाळली आणि मंठ्याहून येणाऱ्या मोटारीत मांडीवर घेऊन बसले. रस्ता सगळा खड्ड्यांचा. प्रत्येक हादऱ्याला मी बाटली पोटाशी धरायची. माझ्या धडप्यात काय आहे ते कळल्यावर शेजारची माणसं उठून उभी राहिली आणि मला आयुष्यात पहिल्यांदा मोटारीत ऐसपैस बसायला मिळालं. एक थेंब सांडू दिला नाही मी.

दवाखान्यात येऊन बूच काढलं आणि वास नाकात घुसला. सात महिने मी लघवीच्या बाटल्या धूत होते, माझं नाक तयार झालेलं होतं. तेजाब घातलेल्या लघवीचा हा वास नव्हता. हा दुसराच वास होता, उग्र, कुठंतरी ओळखीचा. तो कशाचा ते आठवेना. मी तोंड उघडलं. तात्या घाईत होते, संध्याकाळच्या गाडीनं नमुना जायचा होता. ते म्हणाले, माप लवकर. मी तोंड मिटलं. मोठ्या घरच्या सुनेच्या लघवीला घाण वास येतो, असं मी म्हणायचं? मी? मी मोजून आकडा सांगितला, बाटली हलवून छोट्या शिशीत नमुना भरला, बुचाला लाख लावली. उरलेलं सगळं लेबल लावून कपाटात ठेवलं. हैदराबादचा कागद येईपर्यंत उरलेलं फेकायचं नाही, असा नियम होता.

त्या दिवशी मी गप्प बसले याचा मला अजून राग येतो. दुसऱ्या कुणाचा नाही, माझाच.

बारा दिवसांनी कागद आला. त्यात लिहिलं होतं की नमुना तपासण्याजोगा नाही, त्यात औषध घातलेलं नाही, लघवी नासलेली आहे, आणि तिच्यात दुसरं काहीतरी मिसळलेलं आहे. त्याच सकाळी मालक, मोठ्या बाई आणि सून मोटार करून आले होते. डॉक्टरांनी कागद वाचून दाखवला. मालकाला त्यातलं एकच कळलं, दुसरं काहीतरी मिसळलेलं आहे. कुणी मिसळलं हे शोधायला त्यांना वेळ लागला नाही. बाटली रस्त्यात सांडली असणार आणि त्या आयानं स्वतःची भरून दिली असणार. आमच्या घरच्या सुनेचं म्हणून म्हारणीचं मूत हैदराबादला गेलं. ते उठले, धुतलेल्या बाटल्यांच्या फळीवरून एक रिकामी बाटली उचलली आणि बाहेर ओट्यावर आले. पुढचं मी सांगितलंच.

तर बाटली माझ्या पायाशी होती. मायचा ओला हात माझ्या दंडावर होता. माणसं बघत होती. मला पळून जावंसं वाटत होतं. पळाले असते तर वस्तीत पोहोचायच्या आधी गोष्ट पोहोचली असती, तिनंच मुतून भरली म्हणून पळाली. भरून दिली असती तरी तेच. भरलेली बाटली घेऊन मी त्या पंधरा-वीस माणसांमधून चालत आले असते आणि मग हैदराबादहून काहीही येवो, माझ्या अंगातलं पाणी मी हुकमावरून काढून दिलं एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं असतं. माझ्याही.

“मी देणार न्हाई,” मी म्हणाले.

आवाज फाटका निघाला. मी परत म्हणाले.

“मी देणार न्हाई. माझ्या अंगातलं काही देणार न्हाई. मी आणलेली बाटली आत कपाटात हाय. ती तपासा.”

मालकाचा हात उठला. मी डोळे मिटले नाहीत. तेवढ्यात ते तापलेलं लेकरू जोरात रडायला लागलं आणि डॉक्टरसाहेब घाईनं म्हणाले, “आत चला, सगळे आत चला.” माय माझा पदर ओढत होती. मी तो सोडवून घेतला आणि आत गेले.

कपाटातली बाटली मीच काढली. दुसरं कोण काढणार होतं? बूच उघडल्यावर मालकानं नाकाला उपरणं लावलं. मी लिटमसचा एक निळा कागद घेतला, डॉक्टरांच्या तोंडापुढं धरून दाखवला आणि बाटलीत बुडवला. बाहेर काढला. निळाच होता. दुसरा बुडवला. तोही निळाच. तेजाब असतं तर लाल झाला असता, हे मी मालकाला सांगितलं नाही. डॉक्टरांना सांगायची गरज नव्हती. त्यांनी तात्यांकडं बघितलं.

“तेजाब मी माझ्या हातानं ओतलंय, साहेब. रजिस्टरला सही आहे माझी,” तात्या म्हणाले. ओट्यावर तमाशा चालला होता तेव्हा ते गप्प होते. आता त्यांच्या सहीवर आलं तेव्हा त्यांना वाचा फुटली.

मी काचेच्या नरसाळ्यात गाळणकागद घातला आणि बाटलीचा तळ त्यातून गाळला. थेंबही सांडू दिला नाही. कागदावर गाळ राहिला. त्यात बारीक बारीक काड्या होत्या, पिवळ्या. डॉक्टरांनी चिमट्यानं एक काडी उचलली. ते ती लांबूनच बघत राहिले. मी जवळून बघितलं आणि बारा दिवस आठवत नव्हता तो वास मला आठवला. तो गोठ्याचा होता.

“कडबा हाय,” मी म्हणाले.

डॉक्टरांनी मोठ्या बाईंना विचारलं, बाटलीत काही केलं होतं का. मला वाटलं होतं त्या नाही म्हणतील. वाटलं होतं, आता खोटं बोलतील आणि मी कशी खरी ठरणार. पण मोठ्या बाईंना खोटं बोलायची गरजच वाटली नाही. त्या ताठ मानेनं सरळ सांगायला लागल्या.

“मंग? म्हारणीनं आणल्ती बाटली. तळाला तिच्या हातचं पाणी व्हतं. तसलं सुनंच्या हातात द्यावं काय? वतून दिलं मी ते. गोमूत्रानं खंगाळून घेतली बाटली, आन् वाईच तळाला ठिवलं, शुद्ध ऱ्हावं म्हणून. आमच्या घरात बाहेरची कोन्ती बी चीज अशीच घेत्यात.”

 मग डॉक्टरसाहेब हसले. थोडंसंच, ओठात. अहो बाई, तपासणीच बिघडवली तुम्ही, असं काहीतरी ते म्हणाले, आणि ते ज्या आवाजात म्हणाले तो लाडाचा होता. माझ्याशी बोलताना तो आवाज त्यांनी कधी काढला नव्हता.

मी सुनेकडं बघितलं. तिनं दाराच्या फळीमागून माझं सगळं सांगणं ऐकलं होतं. सासूनं तेजाब ओतून टाकलेलं, गोमूत्र घातलेलं तिनं बघितलं होतं. ओट्यावर तिचा नवरा मला भर म्हणत होता तेव्हा ती आत खुर्चीवर बसून ऐकत होती. तिनं पदर आणखी खाली ओढला. मला तिची दया यायला हवी होती. त्या वेळी आली नाही.

गाईचं मूत त्यांना चालत होतं. त्यांच्या सुनेचं मूत मी मांडीवर घेऊन चाळीस मैल आणावं हेही चालत होतं. माझं मूत तर ते मागतच होते. फक्त काचेला लागलेला माझा हात त्यांना चालत नव्हता. हे मी तिथं बोलले नाही. बोलायला हवं होतं. ते मला घरी गेल्यावर सुचलं आणि मी चुलीपुढं एकटीच बडबडत बसले.

“झालं ते झालं,” डॉक्टर म्हणाले. “उद्या दुसरी बाटली घेऊन जा.”

मालक उठले. माझ्या बाजूनं गेले. मला वाटलं काहीतरी म्हणतील. ते मोटार काढायला सांगत होते.

बाहेर आले तर रिकामी बाटली ओट्यावर तशीच उभी होती. तात्या म्हणाले, ती उचल, कुणाचा पाय लागेल. मी म्हणाले, ज्यांनी ठेवली त्यांनी उचलावी. मोटार निघून गेली. बाटली दुपारपर्यंत तिथंच राहिली. येणारी-जाणारी माणसं तिला वळसा घालून जात होती. शेवटी मायनं उचलली. धुवून फळीवर ठेवली. “सुटलीस, बाई,” ती मला म्हणाली. “आता गप ऱ्हा.”

मला गप्प राहवेना. संध्याकाळपर्यंत मी त्या खोलीत येरझारा घातल्या. कुणीही चुकलं म्हटलं नव्हतं. उद्या मी परत त्याच पायरीखाली उभी राहणार, परत ठेव तिथं, परत चार पावलं मागं, आणि परत ती बाटली गोठ्यात जाणार. मी सुटले कुठं होते? डॉक्टरसाहेब घरी निघाले तेव्हा मी दारात उभी राहिले.

मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे रजिस्टरात आया लिहायचं नाही, माझं नाव लिहायचं. दुसरी, मी बाटली जमिनीवर ठेवणार नाही. घेणाऱ्यानं माझ्या हातातून हातात घ्यायची.

त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली.

“नोकरी करायची आहे की नाही तुला?”

“करायचीय, साहेब. म्हणूनच सांगते. बाटली हातात घेतली नाही तर तपासणी बराबर होणार न्हाई. बघितलं तुम्ही.”

ते त्यांनी ऐकलं. माझ्याबद्दल मान वाटला म्हणून नव्हे. नमुना दुसऱ्यांदा नासला असता तर हैदराबादच्या डॉक्टरांपुढं त्यांचं नाव खराब झालं असतं. त्यांनी टाक उचलला आणि रजिस्टरात माझं नाव लिहिलं. माझ्या बापाचं नाव विचारलं नाही, पण माझं लिहिलं.

मी परत गावाला गेले. पायरीखाली उभी राहिले. मोठ्या बाई म्हणाल्या, ठेव तिथं.

“न्हाई. हातात घ्या.”

त्यांना वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्या परत म्हणाल्या. मी परत म्हणाले. धाकटे मालक बाहेर आले. बाटली जड होती आणि तळाला तेजाब होतं. माझे खांदे भरून आले. बाटली मी छातीशी धरून उभी होते. मग आतून सून आली. हातांवर पदर गुंडाळून तिनं दोन्ही हात पुढं केले. कापडातून घेणार होती.

“पदर काढा,” मी म्हणाले. “हातानं घ्या.”

तिनं पदर एका हातावरून काढला. हात अर्ध्यापर्यंत आला. गोरा, भरल्या बांगड्यांचा हात. मग तिनं सासूकडं बघितलं आणि हात मागं घेतला. मला तेव्हा तिची दया आली. तिच्या डोक्यावर सवत बसणार होती आणि तिचं दुखणं काय आहे हे सांगणारी बाटली माझ्या हातात होती. एकदा वाटलं, जाऊ दे, ठेवावी खाली. काय जातंय आपलं. मायचंच वाक्य माझ्या डोक्यात आलं, आणि ते आलं म्हणूनच मी वळले. बाटली घेऊन मी मोटारीच्या थांब्यापर्यंत चालत गेले.

डॉक्टर संतापले. आठ दिवस मला खोलीत येऊ दिलं नाही. मायनं माझ्याशी बोलणं सोडलं. मी घरात फिरत राहिले, भिंतीला डोकं टेकवत राहिले. त्या आठ दिवसांत मला रोज वाटायचं की मी चूक केली. पण बाटली खाली ठेवायला हवी होती असं एकदाही वाटलं नाही. दोन्ही एका वेळी वाटतं माणसाला.

नवव्या दिवशी त्या घराची मोटार आली. सुनेला दवाखान्यात भरती करायला आणली होती. पहिला रस्ता बंद झाल्यावर दुसरा आपोआप सापडला. डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. सकाळी मी तिच्या खाटेपाशी बाटली घेऊन गेले. सासू बाहेर ओट्यावर बसलेली होती. मी बाटली पुढं धरली. सुनेनं इकडंतिकडं बघितलं आणि उघड्या हातांनी घेतली. तिची बोटं माझ्या बोटांना लागली. तिला काही झालं नाही. मलाही काही थोर वाटलं नाही. एवढंच वाटलं की हे इतकं सोपं होतं.

हैदराबादहून या वेळी आकडा आला. मी तो वाचला. त्याचा अर्थ त्या वेळी मला कळत नव्हता आणि कुणी सांगितला नाही. ते सगळे गावाला निघून गेले. पुढं तिचं काय झालं ते मला ठाऊक नाही.

पुढच्या वर्षी आमच्या वस्तीनं धर्म बदलला आणि घरातले देव टोपल्यांत भरून कुंडलिका नदीत सोडले. आमची टोपली मायच्या डोक्यावर होती. परत येताना ती माझ्याशी बोलली. इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा ती बाटलीबद्दल बोलली. तिनं विचारलं, त्या दिवशी नोकरी गेली असती तर?

“गेली असती,” मी म्हणाले.

त्यानंतर मी आकड्यांचा अर्थ शिकले, जांभळा रंग कसा येतो ते शिकले, आणि खोलीत नव्या येणाऱ्या मुलींना शिकवायला लागले. पहिल्या दिवशी मी त्यांना एवढंच सांगते. सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची. तेजाब आधी घालायचं. वास वेगळा आला तर कुणाचंही घर असो, तिथंच बोलायचं. रजिस्टरात स्वतःचं नाव स्वतःच्या हातानं लिहायचं. आणि बाटली हातातून हातात द्यायची. समोरच्यानं हात मागं घेतला तर ती जमिनीवर ठेवायची नाही. परत घेऊन यायची, चाळीस मैलांवरून आणलेली असली तरी.